विशेषण : इंग्रजी व मराठी

विशेषण : नामाने दर्शविलेल्या व्यक्तीचा, वस्तूचा किंवा कल्पनेचा गुण, संख्या, परिमाण अथवा संबंध सांगून त्या नामाच्या अर्थाची व्याप्ती निश्चित करणारा शब्द. ज्या नामाची व्याप्ती अशा रीतीने निश्चित होते, त्यास विशेष्य म्हणतात. ‘गाडी’ हा शब्द कोणत्याही गाडीस लागू पडतो. ‘धिमी गाडी’ असे म्हणताच जलद गाड्या वगळल्या जातात. अर्थाचा आशय वाढला की त्याची व्याप्ती कमी होते, हा तर्कशास्त्रातील नियम विशेषणाच्या कार्यात प्रत्ययास येतो.

विशेषणाचे हे कार्य इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत सारखेच आहे. ते कार्य साधण्याची साधने मात्र भिन्न आहेत. कोणते विशेषण कोणत्या नामाचे, हे इंग्रजी भाषा मुख्यत्वे शब्दांच्या स्थानावरून सांगते. मराठी भाषा ते बऱ्याच अंशी शब्दांच्या रूपावरून सांगते. महाराष्ट्रात शासनव्यवहार, न्यायव्यवहार व शिक्षण ही क्षेत्रे दीर्घकाळ द्विभाषिक राहिल्यामुळे हा भेद केवळ व्याकरणाच्या अभ्यासकांपुरता उरलेला नाही. अधिनियमांची भाषांतरे, अधिकाऱ्यांची पदनामे, रस्त्यांचे व स्थानकांचे फलक आणि शाळेतील इंग्रजीचे अध्यापन या सर्वांत तो आढळतो. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील जोगेश्वरीसारख्या वस्तीतील नित्याची नावेही या भेदाची चांगली उदाहरणे आहेत.

संज्ञा व इतिहास : प्राचीन ग्रीक व लॅटिन व्याकरणांत विशेषण हा स्वतंत्र शब्दवर्ग मानलेला नव्हता. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील डायोनिशिअस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग आहेत. त्यांत विशेषणाचा समावेश नामातच केलेला आहे. त्या भाषांत विशेषणास नामाप्रमाणेच लिंग, वचन व विभक्ती यांचे प्रत्यय लागत असल्यामुळे असे वर्गीकरण स्वाभाविक होते. संस्कृतातही हीच स्थिती आहे. पाणिनीने विशेषण व विशेष्य यांच्या समासाचा नियम सांगितला आहे. तथापि रूपाच्या दृष्टीने ही दोन्ही नामेच होत. इंग्रजीत विशेषणाचे प्रत्यय नाहीसे झाल्यावर त्यास नामात गणणे अवघड झाले. १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंडली मरी यांच्या व्याकरणात विशेषण हा नऊ शब्दवर्गांपैकी एक स्वतंत्र वर्ग आहे. हे व्याकरण एकोणिसाव्या शतकात शालेय पाठ्यपुस्तक म्हणून फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

मराठीत ⇨दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांनी आपले महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणांची छाप आहे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशी शब्दजातींची जी परंपरा मराठी शाळांत रूढ झाली, तिचे मूळ या काळात सापडते. ⇨मोरो केशव दामले (१८६८–१९१३) यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथात या वर्गीकरणाची सविस्तर चिकित्सा आढळते. पुढे अरविंद मंगरूळकर यांनी मराठी व्याकरणाचा पुनर्विचार (१९६४) या पुस्तकात इंग्रजी व संस्कृत व्याकरणांचे साचे मराठीस कितपत लागू पडतात, हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. विशेषणाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण संज्ञा एकच असली, तरी तिने निर्दिष्ट होणारे शब्द दोन्ही भाषांत निरनिराळ्या रीतीने वागतात.

आधुनिक भाषाविज्ञानात विशेषण व विशेष्य यांच्या गटास पदबंध म्हणतात आणि ज्या शब्दावर संपूर्ण गटाचे व्याकरणिक स्वरूप अवलंबून असते, त्यास शीर्षपद म्हणतात. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये, ज्या रचनेचे कार्य तिच्यातील एका घटकासारखेच असते, अशा रचनांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला. विशेषण व नाम यांचा गट हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘जुने घर पडले’ या वाक्यात ‘जुने घर’ या गटाच्या जागी केवळ ‘घर’ हा शब्द ठेवता येतो. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये शब्दांच्या तीन श्रेणींची कल्पना मांडली. ‘फार जुने घर’ यात ‘घर’ प्रथम श्रेणीचे, ‘जुने’ द्वितीय श्रेणीचे व ‘फार’ तृतीय श्रेणीचे पद ठरते. या विवेचनामुळे शब्दाची जात आणि वाक्यातील त्याचे कार्य या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या. विशेषणाचे कार्य करणारा प्रत्येक शब्द जातीने विशेषणच असतो असे नाही.

इंग्रजीतील रूप : प्राचीन इंग्रजीत, म्हणजे सुमारे अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेत, विशेषणास तीन लिंगे, वचने व विभक्ती यांनुसार रूपे होती; शिवाय नामापूर्वी दर्शक शब्द आहे किंवा नाही, यानुसार त्यांचे दोन संच होते. शब्दान्तीचे स्वर क्षीण होत गेल्यामुळे ही व्यवस्था ढासळली. चौदाव्या शतकात चॉसरच्या भाषेत तिचा अवशेष म्हणून एक अन्त्य स्वर काही ठिकाणी राहिला होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोही नाहीसा झाला. आजच्या इंग्रजीत ‘गुड’ हा शब्द ‘बॉय’, ‘गर्ल’, ‘बॉइज’ व ‘गर्ल्स’ या चारही नामांपूर्वी तसाच राहतो. विशेष्याच्या वचनानुसार बदलणारे शब्द केवळ दर्शक वर्गात उरले आहेत : ‘धिस’ व ‘दॅट’ यांची अनेकवचने ‘दीझ’ व ‘दोझ’ अशी होतात.

इंग्रजी विशेषणास एकच विकार शिल्लक आहे, तो तुलनेचा. ‘स्मॉल’, ‘स्मॉलर’, ‘स्मॉलेस्ट’ अशी त्याची रूपे होतात. लांब शब्दांपूर्वी ‘मोअर’ व ‘मोस्ट’ हे शब्द येतात. मराठीत याच्या उलट स्थिती आहे. मराठी विशेषण लिंग, वचन व सामान्यरूप यांनुसार बदलते, परंतु तुलनेसाठी बदलत नाही. ‘हे घर त्या घरापेक्षा लहान आहे’ या वाक्यात तुलनेचा भार ‘पेक्षा’ या शब्दयोगी अव्ययावर पडतो आणि ‘लहान’ तसेच राहते. ‘उच्चतर’, ‘लघुतम’ यांसारखी रूपे संस्कृतातून तयार आलेली असून ती शास्त्रीय व शासकीय भाषेपुरती मर्यादित आहेत.

इंग्रजीतील स्थान : प्रत्यय नाहीसे झाल्यावर विशेषण व विशेष्य यांचा संबंध दाखविण्याचे काम स्थानाकडे आले. इंग्रजीत विशेषणाची तीन स्थाने मानतात. (१) नामापूर्वी : ‘अॅन ओल्ड हाउस’. मराठी व्याकरणात यास अधिविशेषण म्हणतात. (२) क्रियापदानंतर, विधानाचा भाग म्हणून : ‘द हाउस इज ओल्ड’. यास विधिविशेषण म्हणतात. (३) नामानंतर लगेच. यांपैकी पहिली दोन स्थाने सामान्य होत. बहुतेक विशेषणे दोन्ही ठिकाणी चालतात, परंतु काहींना एकच स्थान असते. ‘मेन’, ‘मिअर’, ‘फॉर्मर’ ही केवळ नामापूर्वी येतात. याउलट ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’ यांसारखी विशेषणे नामापूर्वी येत नाहीत. हे शब्द मूळचे शब्दयोगी अव्यय व नाम यांच्या संयोगाने बनले आहेत (‘झोपेत’, ‘जीवनात’ अशा अर्थाचे) आणि तशा पदबंधास नामापूर्वी जागा नसल्याने ही मर्यादा त्यांच्यात टिकून राहिली. मराठी विद्यार्थ्यास ‘झोपलेले मूल’ व ‘मूल झोपलेले आहे’ या दोन्ही रचना सहज असल्यामुळे इंग्रजीत त्याची येथे हमखास चूक होते.

नामापूर्वी एकाहून अधिक विशेषणे आली, तर त्यांचा क्रमही इंग्रजीत बराचसा ठरलेला आहे. वक्त्याचे मत सांगणारे विशेषण प्रथम, नंतर आकारमान, वय, आकृती, रंग, उगम व द्रव्य सांगणारी विशेषणे आणि शेवटी प्रयोजन सांगणारे, असा हा क्रम सामान्यतः देण्यात येतो. विशेषणाचा अर्थ जितका वस्तूच्या अंगभूत स्वरूपाशी निगडित, तितके ते नामाच्या जवळ, असे यामागील तत्त्व सांगता येईल. मराठीतही ‘लहान काळी लाकडी पेटी’ हा क्रम स्वाभाविक वाटतो व ‘लाकडी काळी लहान पेटी’ हा तसा वाटत नाही. मात्र मराठीत या क्रमाचे बंधन तुलनेने सैल आहे.

विशेषणाचा विस्तार झाला की दोन्ही भाषा परस्परविरुद्ध दिशांना जातात. इंग्रजीत एकेरी विशेषण नामापूर्वी आणि लांबलचक विशेषक नामानंतर येतो. ‘दारात उभा असलेला माणूस’ या मराठी पदबंधात सर्व विशेषक शब्द ‘माणूस’ या शब्दापूर्वी आहेत. इंग्रजीत ‘द मॅन स्टँडिंग अॅट द डोअर’ असे म्हणताना ते सर्व ‘मॅन’ या शब्दानंतर येतात. इंग्रजी वाचकास प्रथम माणूस दिसतो व मग त्याचे वर्णन समजते. मराठी वाचकास वर्णन मनात धरून ठेवून शेवटी येणाऱ्या नामाची वाट पाहावी लागते. अधिनियमांच्या मराठी भाषांतरांत वाक्ये दुर्बोध होतात, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे. इंग्रजीत नामानंतर एकामागून एक जोडलेली विशेषक वाक्ये मराठीत धातुसाधित विशेषणांच्या रूपाने नामापूर्वी रचावी लागतात. अशा वेळी ‘जो–तो’ या संबंधी सर्वनामांचा उपयोग करून वाक्य दुभंगणे मराठीच्या प्रकृतीस अधिक मानवते.

मराठीतील रूप : मराठीत विशेषणांचे विकारी व अविकारी असे दोन वर्ग पडतात. आकारान्त विशेषणे विकारी होत : चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगले मुलगे, चांगल्या मुली, चांगली मुले. विशेष्यास विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले, की या सर्वांच्या जागी ‘चांगल्या’ हे एकच सामान्यरूप येते : चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीने, चांगल्या मुलांसाठी. ‘लाल’, ‘सुंदर’, ‘हुशार’, ‘कडू’, ‘गरीब’ यांसारखी इतर विशेषणे अविकारी आहेत. ‘त्या मोठ्या जुन्या लाल घरात’ या पदबंधात ‘त्या’, ‘मोठ्या’ व ‘जुन्या’ ही सामान्यरूपे आहेत, ‘लाल’ मूळ रूपात आहे आणि ‘त’ हा प्रत्यय केवळ शेवटच्या नामास लागला आहे. संस्कृतात यांपैकी प्रत्येक शब्दास सप्तमीचा प्रत्यय लागला असता. इंग्रजीत एकाही विशेषणाचे रूप बदलले नसते. एकाच भाषाकुलातील या तीन भाषांची अशी श्रेणी लावली, तर मराठी मध्यभागी येते.

या भेदामागे ऐतिहासिक कारण आहे. संस्कृत अकारान्त शब्दांचा अन्त्य स्वर पुढे लोप पावला व ते अविकारी झाले. स्वार्थी ‘क’ प्रत्ययाने वाढलेल्या रूपांपासून आकारान्त विकारी विशेषणे निर्माण झाली. फार्सी–अरबीतून आलेली बहुतेक विशेषणे अविकारीच राहिली. उपनगरी रेल्वेवरील दोन नित्याचे शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ‘धिमी गाडी’, ‘धिम्या गाडीने’ असे रूपांतर होते. पण ‘जलद गाडी’, ‘जलद गाडीने’ यात ‘जलद’ बदलत नाही. ‘जोगेश्वरीला धिम्या गाड्या थांबतात’ हे वाक्य आणि त्याचा इंग्रजी पर्याय यांत विशेषणाचे स्थान एकच आहे. फरक आहे तो केवळ रूपाचा.

विकारामुळे मराठी विशेषणास आणखी एक सामर्थ्य लाभते. विशेष्य उच्चारले नाही, तरी विशेषणाच्या रूपावरून ते ओळखता येते. दुकानात ‘ती मोठी दाखवा’ असे म्हटले, की विशेष्य स्त्रीलिंगी आहे, हे ऐकणाऱ्यास कळते. इंग्रजीत विशेषण असे एकटे उभे राहू शकत नाही. त्यास ‘वन’ या शब्दाचा आधार द्यावा लागतो. ‘द पूअर’ यांसारख्या प्रयोगांत नाम नसले, तरी ते प्रयोग एका समूहापुरते मर्यादित असतात. मराठीत ‘गरिबांना’, ‘मोठ्यांनी’, ‘शहाण्यास’ अशी नामाची सर्व रूपे विशेषणापासून सहज बनतात.

अन्वयाची निश्चिती : स्थान व रूप यांतील भेदाचे महत्त्व एकाच पदबंधात दोन नामे आली, म्हणजे स्पष्ट होते. जोगेश्वरीच्या पश्चिमेस ओशिवरा येथील फर्निचरचा बाजार जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. तेथील विक्रेत्यास इंग्रजीत ‘ओल्ड फर्निचर डीलर’ म्हटले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात : जुन्या फर्निचरचा व्यवहार करणारा, किंवा फर्निचरचा व्यवहार करणारा वृद्ध मनुष्य. ‘ओल्ड’ हा शब्द ‘फर्निचर’ व ‘डीलर’ या दोहोंच्याही पूर्वी असल्यामुळे स्थानावरून निर्णय होत नाही. बोलताना आघाताने आणि लिहिताना संयोगचिन्हाने ही संदिग्धता दूर करावी लागते. मराठीत ‘जुन्या फर्निचरचा व्यापारी’ असे म्हणताच ‘जुन्या’ या सामान्यरूपावरून ते ‘फर्निचर’ या शब्दाचे विशेषण ठरते. कारण ‘चा’ हा प्रत्यय घेणाऱ्या नामाचे विशेषणच सामान्यरूपात जाते. ‘जुना फर्निचरचा व्यापारी’ असे म्हटले, तर ‘जुना’ हे पुल्लिंगी प्रथमेचे रूप असल्याने ते केवळ ‘व्यापारी’ या शब्दाचे विशेषण होऊ शकते. गणितात कंस जे कार्य करतो, ते येथे एका प्रत्ययाने साधले आहे.

या सामर्थ्यासही मर्यादा आहेत. विशेषण अविकारी असेल, तर मराठी इंग्रजीइतकीच संदिग्ध होते. ‘शहाण्या मुलाची आई’ व ‘शहाणी मुलाची आई’ यांत घोटाळा नाही; पण ‘हुशार मुलाची आई’ यात हुशार कोण, हे रूपावरून सांगता येत नाही. तद्वतच संपूर्ण पदबंधास प्रत्यय लागला, की विकारी विशेषणाचाही भेद पुसला जातो : ‘जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याला’ यात ‘जुन्या’ दोन्ही नामांचे विशेषण होऊ शकते. अशा वेळी मराठीसही स्थानाचा आश्रय घ्यावा लागतो व ‘फर्निचरच्या जुन्या व्यापाऱ्याला’ अशी रचना करून अर्थ निश्चित करावा लागतो. ‘आणि’ या अव्ययाने जोडलेल्या नामांच्या बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच अडचणीत येतात. ‘ओल्ड मेन अँड विमेन’ यात वृद्धत्व स्त्रियांसही लागू आहे काय, हे स्पष्ट नाही. ‘वृद्ध पुरुष व स्त्रिया’ हे भाषांतरही तसेच संदिग्ध आहे. ‘म्हातारे पुरुष व म्हाताऱ्या स्त्रिया’ अशी द्विरुक्ती केली, तरच निर्णय होतो. एखाद्या सवलतीचा किंवा निर्बंधाचा लाभधारक कोण, हे जेव्हा अशा पदबंधावर अवलंबून असते, तेव्हा विशेषणाची द्विरुक्ती हा दोष न मानता आवश्यक दक्षता मानणे इष्ट ठरते.

नामाचा विशेषणासारखा उपयोग : इंग्रजीत एक नाम दुसऱ्या नामापूर्वी ठेवून त्याचे विशेषक बनविता येते : ‘स्टोन वॉल’, ‘बस स्टॉप’. असे विशेषक नाम सामान्यतः एकवचनी असते. ‘फाइव्ह रुपी नोट’ यात रुपये पाच असूनही ‘रुपी’ हे एकवचन येते. मराठीत ‘पाच रुपयांची नोट’ असे अनेकवचन व षष्ठी वापरावी लागत असल्यामुळे मराठी विद्यार्थी इंग्रजीतही अनेकवचन योजतो. विशेष नावांत मात्र इंग्रजीचा हा नियम शिथिल होतो. जोगेश्वरीतील सहाव्या शतकातील शैव लेण्यांवरून ‘केव्ह्‌ज रोड’ हे रस्त्याचे नाव पडले. त्यात अनेकवचन कायम आहे. दोन नामांतील संबंध कोणता, हे इंग्रजी रचना सांगत नाही. तो वाचकाने जाणायचा असतो. ‘इंग्लिश टीचर’ म्हणजे इंग्रजी शिकविणारा शिक्षक की इंग्रज शिक्षक, हे बोलताना आघातावरून कळते : पहिल्या शब्दावर मुख्य आघात असेल तर विषय, दुसऱ्यावर असेल तर राष्ट्रीयत्व. मराठीत ‘इंग्रजीचे शिक्षक’ व ‘इंग्रज शिक्षक’ हे दोन वेगळे पदबंध आहेत.

मराठीची स्वाभाविक रीत षष्ठी प्रत्ययाची आहे. ‘चा–ची–चे’ हा प्रत्यय विकारी विशेषणाप्रमाणेच विशेष्याच्या लिंगवचनानुसार बदलतो. तथापि ‘मुंबई विद्यापीठ’, ‘जोगेश्वरी स्थानक’, ‘महिला डबा’ यांसारख्या प्रत्ययरहित रचना विसाव्या शतकात फार वाढल्या. त्यांस केवळ इंग्रजीचे अनुकरण म्हणता येत नाही. संस्कृत तत्पुरुष समासाची परंपरा त्यांस अनुकूल होती. इंग्रजीच्या संपर्कामुळे या परंपरेस नवे बळ मिळाले, असे म्हणणे अधिक युक्त होईल. ‘जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता’ आणि ‘पश्चिम द्रुतगती महामार्ग’ ही दोन नावे अशा रचनांची उदाहरणे होत. दुसऱ्या नावात ‘द्रुतगती महामार्ग’ हा आतील गट असून ‘पश्चिम’ हे त्या संपूर्ण गटाचे विशेषण आहे.

नामोत्तर विशेषण व स्थलनामे : इंग्रजीत नामानंतर येणारी विशेषणे थोडी आहेत व त्यांपैकी अनेक पदनामांत आढळतात. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्याय व राज्यकारभारात फ्रेंचचा प्रवेश झाला. त्या भाषेत विशेषण सामान्यतः नामानंतर येते. ‘अॅटर्नी जनरल’, ‘कोर्ट मार्शल’, ‘नोटरी पब्लिक’ ही नावे त्याच क्रमाची आहेत. त्यांत शीर्षपद पहिले असल्याने परंपरेप्रमाणे अनेकवचनाचा प्रत्यय पहिल्या शब्दास लागतो. या साच्यातील पदनामे भारतात आली, तेव्हा मराठीने त्यांचा क्रम न स्वीकारता विशेषक पूर्वपद केले : ‘अॅडव्होकेट जनरल’ यास महाधिवक्ता, ‘अकाउंटंट जनरल’ यास महालेखापाल व ‘डिरेक्टर जनरल ऑफ पोलीस’ यास पोलीस महासंचालक. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासनव्यवहारात मराठीचा वापर वाढत गेला व १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनामांचे व परिभाषेचे काम केले. अशा शब्दांचा प्रसार त्यामुळे झाला.

मराठी स्थलनामांत नामोत्तर विशेषणाची एक जुनी परंपरा आहे. एकाच नावाच्या दोन गावांपैकी मोठ्यास ‘बुद्रुक’ व लहानास ‘खुर्द’ म्हणतात, उदा., पुण्याजवळील आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द. हे दोन्ही शब्द फार्सी असून फार्सीत विशेषण नामानंतर येते. शब्दांबरोबर त्यांचा क्रमही मराठीने उचलला. या उलट ‘नवी मुंबई’ व ‘जुने गोवे’ या नावांत देशी क्रम असून विशेषणे विशेष्याच्या लिंगाशी जुळतात. ‘जुन्या गोव्यात’ असे सामान्यरूप अजून होते. परंतु ‘नव्या मुंबईत’ याऐवजी ‘नवी मुंबईत’ असा प्रयोग रूढ झाला आहे. विशेषण विशेषनामाचा अविभाज्य भाग झाले, की त्याचे विकारित्व लोपते, असे यावरून दिसते.

‘जोगेश्वरी (पूर्व)’ व ‘जोगेश्वरी (पश्चिम)’ ही नावे तिसऱ्या प्रकारची आहेत. रेल्वेमार्गामुळे उपनगराचे जे दोन भाग पडले, त्यांवरून ही नावे पडली. मराठी क्रमाने ‘पूर्व जोगेश्वरी’ व्हावे आणि इंग्रजीचाही सामान्य क्रम ‘वेस्ट बेंगॉल’, ‘साउथ आफ्रिका’ असा दिशा प्रथम सांगण्याचाच आहे. येथील क्रम यादी व पत्ता यांच्या सोयीचा आहे : मूळ नाव आधी ठेवल्याने दोन्ही भाग यादीत एकत्र राहतात व भेद शेवटी दर्शविला जातो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो मार्ग ७ च्या दुसऱ्या टप्प्यातील स्थानक आणि विधानसभेचा मतदारसंघ यांची नावेही याच क्रमाची आहेत. लोकसभेच्या ‘मुंबई उत्तर पश्चिम’ या मतदारसंघास मात्र मराठी वृत्तपत्रे ‘वायव्य मुंबई’ म्हणतात. कार्यालयीन नावाशेजारी भाषेचा स्वाभाविक क्रम कसा टिकून राहतो, याचे हे उदाहरण होय. अशा नावांतील विशेषण अलंकरणासाठी नसून व्यवच्छेदासाठी असते. ते गाळले, तर नाव अपुरे ठरते : जोगेश्वरी पूर्वेचा टपाल क्रमांक ४०००६० व पश्चिमेचा ४००१०२ आहे.

व्यवच्छेदक व वर्णनपर विशेषणे : वरीलप्रमाणे अनेकांतून एकास वेगळे करणारे विशेषण व्यवच्छेदक होय. जे विशेषण आधीच निश्चित झालेल्या वस्तूविषयी अधिक माहिती देते, ते वर्णनपर. इंग्रजीत नामानंतरच्या विशेषक वाक्यांत हा भेद स्वल्पविरामाने दाखवितात. भाऊ अनेक असून त्यांपैकी जोगेश्वरीत राहणारा अभिप्रेत असेल, तर स्वल्पविराम नसतो; भाऊ एकच असेल, तर असतो. मराठीत विशेषणांच्या क्रमाने हा भेद काही अंशी सूचित होतो. ‘माझा जोगेश्वरीत राहणारा भाऊ’ या रचनेचा कल व्यवच्छेदाकडे, तर ‘जोगेश्वरीत राहणारा माझा भाऊ’ या रचनेचा कल वर्णनाकडे असतो. येथे स्थानाचे साधन मराठीच वापरते, हे लक्षणीय आहे.

विशेषण व विशेष्य यांच्या अर्थांचा संयोगही एकविध नसतो. ‘लाल फूल’ म्हणजे जे लाल आहे व फूलही आहे. ‘मोठा उंदीर’ मात्र उंदरांच्या मानाने मोठा. प्राण्यांत तो लहानच. ‘चांगला शिक्षक’ याचा चांगुलपणा अध्यापनापुरता असू शकतो. ‘माजी नगरसेवक’ हा आता नगरसेवक नसतो आणि ‘बनावट नोट’ ही नोट नसते. येथे विशेषण विशेष्याच्या अर्थाचे निरसन करते. ‘फॉर्मर’ यासारखी इंग्रजी विशेषणे केवळ नामापूर्वी का येतात, याचे स्पष्टीकरण येथे मिळते : ती वस्तूचा गुण सांगत नाहीत, तर नाम तिला लागू पडते की नाही हे सांगतात. कोशातील एक शब्द घेऊन भाषांतर केल्यास या ठिकाणी चूक होते. ‘अॅन ओल्ड फ्रेंड’ यात मैत्री जुनी असेल, तर ‘जुना मित्र’ आणि मित्र वयोवृद्ध असेल, तर ‘वृद्ध मित्र’ असे म्हणावे लागते. इंग्रजी विशेषणाचा अन्वय मित्राशी आहे की मैत्रीशी, हे मराठी अनुवादकास आधी ठरवावे लागते.

अध्यापन व भाषांतर : महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. अशा विद्यार्थ्यास विशेषणांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा दोन भाषांतील साधनांचा भेद समजणे अधिक उपयुक्त ठरते. त्यास घरच्या भाषेत विशेषणाची सहा–सात रूपे सहज वापरता येतात. इंग्रजीत रूप न बदलता स्थान सांभाळावयाचे असते. इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या अनुवादकाची अडचण उलट आहे. मूळ मजकुरात स्थानावरून सूचित झालेला संबंध त्यास लिंग, वचन व सामान्यरूप यांच्या द्वारे उघड करावा लागतो आणि मूळ संदिग्ध असेल, तर तिच्या संभाव्य अर्थांपैकी एकाची निवड करावी लागते. मराठी प्रत्यय ही निवड टाळू देत नाहीत. त्यामुळे अधिनियम, करार किंवा शासकीय सूचना यांचे मराठी रूप काळजीपूर्वक केले असेल, तर ते मूळ इंग्रजीपेक्षा अधिक निःसंदिग्ध होऊ शकते. निष्काळजीपणाने केले असेल, तर मूळात नसलेला अर्थ त्यात शिरतो. अविकारी विशेषणे, सामान्यरूपात गेलेले पदबंध व जोडलेली नामे ही तीन ठिकाणे अशा तपासणीत प्रथम पाहावी लागतात.